सोळावा चौकोन

आमच्या हिच्या मामांनी आयुष्यात एकदाही बास्केटबॉल हातात धरलेला नाही, आणि तरीही अख्ख्या सोलापुरात बास्केटबॉल त्यांच्याइतका कुणालाही कळत नाही, हे विधान मी तापलेल्या तव्यावर बसून करायला तयार आहे. आमच्याकडे मे महिन्यात त्यासाठी तवा वेगळा तापवावा लागत नाही, गच्चीत मांडी घातली तरी भागतं. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं दुपारी चार वाजता मामांच्या घरी जावं. चपला मात्र हळू काढाव्यात. गेल्या उन्हाळ्यात एकानं पायताण जोरात आपटलं म्हणून मामांच्या खेळाडूचा नेम चुकला, आणि त्या गृहस्थांना मामांनी आजतागायत चहा विचारलेला नाही.

मामा म्हणजे चादरीच्या कारखान्यातले नक्षीकार. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन शाईनं भरून मोर, कमळ, किनार काढायची. मग त्या कागदाबरहुकूम दुसऱ्या माणसानं पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. ते पुठ्ठे मागावर चढवले की माग तीच नक्षी चादरीत उतरवतो. चाळीस वर्षं हे केल्यामुळे मामांना जगातली कुठलीही गोष्ट सुलट बाजूनं बघता येईनाशी झाली. आपल्या सोलापुरी चादरीचं असं आहे की वर जे लाल ते खालून पांढरं आणि वर जे पांढरं ते खालून लाल. म्हणून कापड दिसलं की मामा आधी उलटं करणार. अक्कलकोटच्या एका लग्नात त्यांनी नवरीच्या सासूच्या शालूचा पदर धरून चार माणसांत उलटा केला आणि भिंगातून बघितल्यासारखं बघून म्हणाले, "काम बरं हाय, पण मागनं धागे सोडलेत." त्या बाई जागच्या जागी थिजल्या. मामींनी कपाळाला हात लावून "एन कर्मा री!" असा कानडी टाहो फोडला. माहेरी अक्कलकोटला गेल्या की मामींचा संताप कानडीतून येतो, आणि मामा सोबत असले की तो सारखाच येतो. पण मामांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ते मला बाजूला घेऊन सांगत होते, "जावईबापू, सुलट बाजू बोलती. उलटी बाजू खरं बोलती."

तर असे हे मामा निवृत्तीनंतर गुडघे धरून घरी बसले. बसले म्हणजे काय, मामींच्या स्वयंपाकाची उलटी बाजू तपासायला लागले. भाकरी उलटी करून बघायची, "हितं पापुद्रा सुटला न्हाई." आठव्या दिवशी मामींचा मला फोन आला, "जावईबापू, ह्यांना कशात तरी गुंतवा, न्हाईतर मी माहेरी चालले." मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क. कामाच्या वेळेत आम्ही सगळे फोनवर बास्केटबॉलचा एक खेळ खेळायचो, तोच मामांच्या फोनवर चढवून दिला. त्यात चेंडूला हात लावायचा नसतो. आपण कोच. आपले पाच गडी निवडायचे, हल्ला कसा करायचा आणि बचाव कसा करायचा हे ठरवून रोज साडेतीनच्या आत कुलूप लावायचं. चार वाजता फोन आपला आपण सामना खेळतो. मी हे समजावून सांगितलं तेव्हा मामांनी फोन उलटा करून मागची बाजू बघितली. मग म्हणाले, "म्हंजे नक्षी आपण काढायची, आन माग दुसऱ्यानं चालवायचा. हेच तर केलं की जन्मभर!"

त्या क्षणी माझ्या हातून काय घडलं याची मला कल्पना नव्हती. पंधरा दिवसांत मामांनी आमच्या ऑफिसातल्या प्रत्येकाला असं हरवलं की हेडक्लार्कसाहेबांनी रजा टाकली. खरा खेळ तरी बघा म्हणून मी मामांना कौतुकानं कॉलेजच्या मैदानावर नेलं. पोरी सराव करत होत्या. मामांनी चेंडूकडे बघितलं नाही, पोरींकडे बघितलं नाही. खांबाखाली उभे राहिले, मान वर करून जाळी बघितली आणि हबकून ओरडले, "अवो, ही खालनं उसवलीया की! सगळा माल खाली पडतोय!" मी म्हटलं, मामा, ती तशीच असते. ते मानेनात. शेवटी शिपायाकडून शिडी मागायला निघाले, टाके घालायला! मी त्यांना रिक्षात कोंबून घरी आणलं. ज्या माणसाला जाळीला तळ नसतो हे ठाऊक नाही, तो आमच्या अख्ख्या ऑफिसाला धूळ चारतो, हा धक्का पचवायला मला दोन दिवस शेंगाचटणीसुद्धा गोड लागली नाही.

मामांची सगळी करामत समोरच्याचा बचाव ओळखण्यात होती. बचाव तीन तऱ्हेचे, असं त्यांचं म्हणणं. एकास एक, म्हणजे प्रत्येकानं आपापला गडी धरायचा. दुसरा झोन, म्हणजे गड्याला सोडून जागा राखायची, बास्केटखाली भिंत बांधून बसायचं. तिसरा प्रेस, म्हणजे पार आपल्या दारात येऊन अंगावर पडायचं, श्वास घेऊ द्यायचा नाही. आणि जसा बचाव तसा हल्ला. गडी धरणाऱ्याला आडोसा करून चकवायचं. झोनच्या भिंतीवर डोकं आपटायचं नाही, दम धरून लांबून नेम मारायचा. प्रेसवाल्यापुढं दम धरला की मेलो, तिथं त्याच्या डोक्यावरून लांब पास आणि धूम पळ. "गाठ बघून बोट लावायचं, जावईबापू. समद्या गाठींना दात लावला तर दात ऱ्हात न्हाईत."

हे ज्ञान फोनपुरतं राहिलं असतं तर हा माणूस सुसह्य होता. एकदा मंगळवेढ्याला जायला आम्ही स्टँडवर उभे होतो. एसटी लागली आणि दारात दीडशे माणसांची झुंबड उडाली. मी बाह्या सरसावल्या तर मामांनी मला मागं ओढलं. "प्रेस हाय. दारात दम धरायचा न्हाई." आणि त्यांनी खिशातला रुमाल काढून खिडकीतून असा भिरकावला की तो दोन बायकांच्या डोक्यांवरून, एका कोंबडीच्या टोपलीवरून जाऊन बरोबर तिसऱ्या सीटवर पसरला. "लांब पास!" त्या सीटवर बसून मामा सबंध रस्ता मला सांगत होते की मामी झोन खेळतात. स्वयंपाकघराच्या दारात भिंत. दुसऱ्या चहासाठी आत घुसायला गेलं की ढकलून देतात. म्हणून ते शेजारच्या काकूंना मोठ्यानं "या की, चहा घ्या!" अशी हाक मारतात. काकू आल्या की चहा टाकावाच लागतो, त्यात मामांचा एक कप निघतो. लांबून नेम! मामींना हे तीस वर्षांपासून ठाऊक आहे. काकूंनाही ठाऊक आहे. फक्त मामांना वाटतं की कुणाला कळलेलं नाही.

त्यांच्या संघाचं नाव 'मोरकिनार'. फोननं दिलेल्या परदेशी गड्यांची नावं त्यांच्या जिभेवर बसेनात म्हणून त्यांनी बारसं केलं. सव्वासात फुटी गड्याचं नाव 'कणीस', कारण मंगळवेढ्याच्या रानात एवढी उंच फक्त ज्वारी होते. लांबून नेम मारणारा तो 'गोफण'. गोफणीचा दम कमी झाला की मामा हळहळायचे, "त्याला कडक भाकरी कोण देतंय तिकडं? ब्रेड खातोय गरीब." एकादशीला सगळ्या गड्यांना विश्रांती. त्या दिवशी राखीव गडी खेळायचे आणि तरीही आम्ही हरायचो.

गेल्या उन्हाळ्यात मी सोळा संघांची लीग काढली. कॉलेजच्या ग्रुपवर कोड टाकला, तो कुठून कुठं गेला देव जाणे, आणि अर्धे संघ अनोळखी निघाले. रोज एक सामना, पंधरा दिवसांत प्रत्येकाशी एकेकदा, आणि सोळाव्या दिवशी पहिल्या दोघांची फायनल. वेळ चारचीच, मामांचा हट्ट. कारखान्यात चारला चहाची सुट्टी व्हायची, त्यामुळे त्यांचं डोकं चारला सगळ्यात तेज चालतं, असं ते म्हणायचे. मामा फायनलला जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. धक्का दुसऱ्या नावाचा बसला. 'शेंगाचटणी इलेव्हन' म्हणून कुणीतरी होता. पाच जणांच्या खेळात याचे अकरा. आम्ही पोट धरून हसलो. त्यानं आम्हाला एकेक करून लोळवलं आणि नवव्या दिवशी मामांनाही वीस गुणांनी पाडलं. मामांनी झोन समजून लांबून नेम लावले होते, तो एकास एक खेळला. मामा त्या संध्याकाळी जेवले नाहीत. मामींनी मला फोनवर विचारलं, "कोण मेलंय का ओ कॉलेजात?"

या चटणीवाल्याचा बचाव रोज बदलायचा आणि उद्या काय येणार हे कुणाच्या बापाला कळायचं नाही. फायनलच्या दिवशी सकाळी मी रजा टाकून मामांकडे गेलो तर ते जमिनीवर पालथे पडून चौकटीच्या कागदावर शाई भरत होते. चटणीवाल्याचे पंधरा सामने, पंधरा चौकोन. एकास एक असेल तिथं लाल. प्रेस असेल तिथं काळा. झोन असेल तिथं कोरा, म्हणजे पांढरा. कारखान्यातली रीतच ती. पांढऱ्याला शाई लागत नाही, चौकोन कोरा सोडला की पांढरा धागा. शेवटचा चौकोन मोजून मामा उठून बसले आणि त्यांचा चेहरा त्या कागदासारखा झाला.

"लाल, लाल, पांढरा, काळा," ते बोटानं दाखवत म्हणाले. "परत लाल, लाल, पांढरा, काळा. तिसऱ्यांदा तेच. मग लाल, लाल, पांढरा... पंधरा झाले. जावईबापू, ही माझी किनार हाय."

मला वाटलं उन्हाचा झटका. पण मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, कागद बघितला आणि त्यावर वाकल्या. "अय्यो. मोरकिनार."

आता इथं मला अकरा वर्षं मागं जावं लागतं. मामांच्या नक्षीचे पुठ्ठे पाडायचे ते एक चाचा. जोडी अशी की चारचा चहा दोघं एकाच बशीतून प्यायचे म्हणतात. यात मी फारतर एक बशी कमी केली असेल. मोरकिनार ही दोघांची शेवटची नक्षी. सोळा चौकोनांची किनार, चार वेळा लाल-लाल-पांढरा-काळा. अख्खा लॉट विणून झाला, व्यापाऱ्याकडे गेला आणि परत आला. सोळाव्या जागी काळ्याऐवजी पांढरा धागा! दर हातभर अंतरावर किनार ठेचकाळल्यासारखी दिसत होती. मालकानं दोघांना समोर उभं केलं. चाचा म्हणाले, मी कागदाबरहुकूम भोकं पाडली, कागद बघा. मामा म्हणाले, माझा कागद चुकत नाही. मालकानं कागद मागितलाच नाही. मास्तरांचा शब्द म्हणजे शब्द. चाचांनी त्याच दिवशी काम सोडलं. त्यानंतर मामांच्या तोंडात त्यांचं नाव कधी आलं नाही. बोलायची वेळच आली तर नुसतं 'तो'.

"त्योच हाय," मामा म्हणाले. "आज सोळावा चौकोन."

मी तर उडालोच. जगातला कुठलाही कोच ज्यासाठी उजवा हात देईल ते आमच्या पुढ्यात होतं. समोरचा आज काय खेळणार हे आधीच कळलं होतं! मी म्हटलं, मामा, मग सोपं आहे. तुमच्या नक्षीत सोळावा काळा. काळा म्हणजे प्रेस. लांब पास आणि धूम!

"त्यो माझी नक्षी पाडत न्हाई," मामा हळू म्हणाले. "कागदावर असंल ते पाडतो."

मामी म्हणाल्या, "मग काढा की कागद." मामांच्या पत्र्याच्या ट्रंकेत आयुष्यभराच्या नक्ष्या गुंडाळ्या करून ठेवलेल्या होत्या. सगळ्या त्यांनी आम्हाला दहादा दाखवलेल्या. एक सोडून. तिच्या सुतळीची गाठ अकरा वर्षांत सुटलेली नव्हती.

"उघडायची काय गरज? मला म्हाईत हाय त्यात काय हाय."

"म्हाईत हाय तर उघडायला भ्या कशाचं?" मामी म्हणाल्या.

तीन वाजले. मामा येरझाऱ्या घालत होते, गुडघे विसरून. सव्वातीनला त्यांनी ट्रंक उघडली. गाठीला त्यांनी दात लावला! जन्मभर आम्हाला गाठ सोडवायची अक्कल शिकवणाऱ्या माणसानं सुतळी दातानं तोडली. कागद जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर पितळी वाट्या ठेवल्या. मोर होता, कमळ होतं, किनार होती. तेरा लाल, चौदा लाल, पंधरावा कोरा.

सोळावाही कोरा.

शाईचा ठिपकासुद्धा नाही. काळा भरायचा राहून गेला होता. कोरा म्हणजे पांढरा, आणि चाचांनी कागदाबरहुकूम पांढरा पाडला होता.

मी आयुष्यात खूप धक्के खाल्लेत. माझ्या लग्नात बँडवाल्यांनी चुकून दुसऱ्याच्या वरातीमागं जाऊन वाजवलं, तेव्हासुद्धा मी इतका गार पडलो नव्हतो. मामा त्या चौकोनावर बोट ठेवून बसले. घड्याळात तीन पंचवीस झाले. मी घाबरत म्हटलं, मामा, कुलूप लावायला पाच मिनिटं.

आता काय ठरवायचं ते मामांनी ठरवायचं होतं. प्रेस धरून हल्ला लावला तर आपला कागद बिनचूक होता असं अजून एकदा म्हटल्यासारखं, आणि हार जवळपास नक्की. झोन धरून लांबून नेम लावला तर फायनल हातात, पण सामन्यानंतर दोघांचेही डावपेच पडद्यावर दिसतात. समोरच्याला स्वच्छ कळणार होतं की मास्तरनं कागद उघडून बघितला.

"लांबून नेम," मामा म्हणाले. "गोफणीला घ्या. दम धरून." कुलूप मात्र त्यांनी स्वतःच्या बोटानं लावलं.

चार वाजता सामना सुरू झाला. शेंगाचटणी इलेव्हननं झोन लावला होता. बास्केटखाली पाचांची भिंत. गोफण लांबून मारत होता, कणीस उसळलेले चेंडू वेचत होता. मामी देवापुढं निरांजन लावून आल्या आणि "मार रे बाबा!" म्हणून त्या परदेशी गड्याला आमच्या कुलदैवताची शपथ घालू लागल्या. शेवटच्या घटकेला आम्ही दोन गुणांनी मागं. गोफणीनं चेंडू सोडला. मी डोळे मिटले. मामींची किंकाळी आली तेव्हा उघडले. तीन गुण! एकानं जिंकलो! मी नाचत होतो, शेजारच्या काकू चहाची वेळ झाली समजून आल्या होत्या, आणि मामा फोनकडे बघत नुसते बसले होते. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात चटणीवाल्याचा निरोप आला होता. मी वाचून दाखवला.

"क्या मास्तर. सोला दिन से आवाज देरा मैं. अब सुनाई दिया?"

दुसऱ्या दिवशी चारला चाचा आले. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. सडपातळ, पांढरी दाढी, काखेत चादरीची घडी. परत आलेल्या लॉटमधली एक चादर मालकानं तेव्हा त्यांच्या हिशेबात टाकली होती. अकरा वर्षं तीच पांघरत होते. चादर इतकी विरली होती की पलीकडचं माणूस ओळखू येईल. मामांनी ती हातात घेतली आणि, सवयच ती, आधी उलटी केली. बराच वेळ मागची बाजू बघत राहिले. मामींनी न विचारता चाचांच्या कपात साखर कमी टाकली.

"कागद चुकला न्हवता," शेवटी मामा म्हणाले. "हात चुकला."

"मालूम है," चाचा म्हणाले. "चाय ठंडी हो रई."

एवढंच. अकरा वर्षांचं भांडण मिटायला मी निदान रडारड तरी होईल म्हणून दोन रुमाल आणले होते, ते तसेच परत नेले. मग मामांनी जमिनीवर पसरलेला कागद पुढं ओढला, काळ्या शाईची दौत उघडली आणि टाक बुडवला. सोळाव्या चौकोनावर हात नेला, तर चाचांनी मनगट धरलं.

"नक्को मास्तर. तू आज काला भरेगा, तो कल कोई देखके बोलेगा, चाचा ने गलत पाडा."

टाकाच्या टोकाला शाईचा थेंब लोंबत होता. मामांनी तो स्वतःच्या धोतराला पुसला.

आता दोघं एकाच संघाचे कोच आहेत आणि संघ सारखा हरतो, कारण साडेतीनपर्यंत यांचं एकमत होत नाही. मी कधी चारला गेलो तर दाराबाहेरूनच आवाज येतो, "झोन हाय रे!" "अंधा हो गया क्या, प्रेस है!" मामांचे डोळे आता अधू झालेत, चौकटीच्या रेघा दिसत नाहीत. चाचा त्यांना मोजून सांगतात. कागद समोरच्या भिंतीवर लावलाय. परवा निघताना मी बघितलं, मामा उठले, भिंतीपाशी गेले, किनारीवर बोट ठेवून हळूहळू सरकवत एका जागी थांबले, आणि काही दिसत नसताना तिथंच थोडा वेळ उभे राहिले.